विहिरीचं पाणी पीफाससाठी कसं तपासायचं, आणि आढळलं तर काय करायचं

इटलीच्या उत्तरेला व्हिचेंझा शहराजवळ त्रिसिनो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मितेनी या कारखान्यात कित्येक दशकं पीफास नावाची फ्लोरिनयुक्त रसायनं तयार होत होती. गावोगावच्या नळाला पाणी स्वच्छच यायचं. त्याला वास नव्हता, रंग नव्हता, चवही बदललेली नव्हती. २०१३ मध्ये मोजणीचे निष्कर्ष बाहेर आले आणि कळलं की व्हिचेंझा, व्हेरोना आणि पादोव्हा या तीन प्रांतांतले साधारण साडेतीन लाख लोक ज्या भूजलावर जगतात तेच नासलं आहे. २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. मधल्या काळात त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली.

यंत्रं आली म्हणजे विहिरी बिघडल्या, असा अर्थ कुणी काढू नये. पण त्रिसिनोच्या लोकांकडे जी गोष्ट नव्हती ती आपल्याला आज करून ठेवता येते. ती म्हणजे पहिली नोंद. पाणी आज कसं आहे याचा सही-शिक्क्याचा कागद हातात असेल, तर दहा वर्षांनी 'हे आधीपासूनच होतं' असं कुणी म्हणू शकणार नाही. हा लेख त्यासाठी लिहिला आहे. लोटेसाठी लिहिला, तरी महाड, तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभ, कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावाला तो चालेल.

आधी एक घोळ मिटवू: फ्लोराइड वेगळं, पीफास वेगळं

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या लोकांना फ्लोराइड माहीत आहे. दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं आखडतात. ते खडकातून पाण्यात उतरणारं नैसर्गिक क्षार आहे. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची भारतीय मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ते सहज तपासून मिळतं.

पीफास ही माणसाने बनवलेली हजारो संयुगं आहेत. त्यांत कार्बनच्या साखळीला फ्लोरिन घट्ट चिकटलेला असतो आणि हा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातला सर्वांत मजबूत बंध मानला जातो. म्हणून ती उन्हाने, जिवाणूंनी, उकळण्याने तुटत नाहीत. तेल आणि पाणी दोन्ही झटकून टाकण्याचा गुण त्यांच्यात असल्यामुळे नॉनस्टिक भांडी, पावसाळी जाकिटं, डाग न पडणारे गालिचे, तेलकट खाण्याचे कागद, क्रोम प्लेटिंगच्या टाक्या आणि पेट्रोलच्या आगी विझवणारा फेस या सगळ्यांत ती वापरली गेली. फ्लोराइडची तपासणी करून 'पाणी चांगलं आहे' असा शेरा आला तरी पीफासबद्दल त्यातून काहीच कळत नाही. टीडीएस मीटरनेही कळत नाही. फिल्टर विकणारा माणूस दोन ग्लासांत विजेचे गज बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतो ना, त्यानेही नाही.

पायरी १: गावाचा नकाशा काढा

तपासणी महाग आहे, खर्च नमुन्याला हजारांत जातो. म्हणून दहा विहिरी अंदाजाने तपासण्यापेक्षा तीन विहिरी विचार करून निवडा.

कागदावर गाव काढा. त्यावर कारखाने, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, सांडपाण्याची वाहिनी, ती जिथे फुटते त्या जागा, कचरा टाकायची जागा, अग्निशमन दलाचं सरावाचं मैदान, तेलाचे डेपो, विमानतळ अशा सगळ्या खुणा करा. फेसाची जागा लोक विसरतात. स्वीडनमध्ये रोनेबी इथे २०१३ मध्ये एक जलशुद्धीकरण केंद्र रातोरात बंद करावं लागलं. तिथे कारखाना नव्हता. जवळच्या हवाई तळावर आग विझवण्याच्या सरावात वर्षानुवर्षं हा फेस वापरला गेला होता.

मग उतार दाखवा. कोकणात हे फार महत्त्वाचं आहे. जांभ्याच्या सड्यावर पडलेलं पाणी सच्छिद्र दगडातून भराभर खाली जातं, खालच्या घट्ट थरावर सरकतं आणि उतारावर झऱ्यांच्या, पऱ्यांच्या (छोट्या ओढ्यांच्या) रूपाने बाहेर पडतं. म्हणजे सड्यावरच्या कारखान्याचा परिणाम कुंपणालगतच्या विहिरीपेक्षा खालच्या वाडीतल्या झऱ्यावर आधी दिसू शकतो. कुठला झरा उन्हाळ्यात आटत नाही, कुठल्या पऱ्याला कधी फेस येतो, हे वाडीतल्या वयस्कर बायकांना विचारा. जन्मभर पाणी त्यांनीच भरलं आहे.

तीन जागा ठरवा: उताराच्या वरच्या अंगाची एक विहीर (तुलनेसाठी), उताराखालचा एक झरा किंवा विहीर, आणि ज्यावर सगळ्यात जास्त घरं अवलंबून आहेत तो स्रोत. नमुने वर्षातून दोनदा घ्या, मेअखेरीस पाणी तळाला गेलेलं असताना आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात.

पायरी २: प्रयोगशाळेला हे चार प्रश्न विचारा

'तुम्ही पीफास तपासता का?' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. म्हणून नेमकं विचारा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, एवढ्यावर थांबू नका; त्या मान्यतेच्या यादीत, म्हणजे स्कोपमध्ये, पीफास आहे का ते दाखवायला सांगा. पद्धत कोणती ते विचारा. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ५३३ आणि ५३७.१ या पद्धती रूढ आहेत. माती, सांडपाणी, गाळ, मासळीसाठी १६३३ आहे, तिच्यात ४० संयुगं मोजली जातात. तिसरा प्रश्न संयुगांच्या नावांचा. पीएफओए, पीएफओएस, पीएफएचएक्सएस, पीएफएनए, पीएफबीएस आणि जेनएक्स एवढी तरी हवीतच.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: कमीत कमी किती प्रमाण मोजता येतं? उत्तर लिटरला १ ते २ नॅनोग्रॅम असं यायला हवं. एखाद्या प्रयोगशाळेचं यंत्र १०० नॅनोग्रॅमच्या खालचं पाहूच शकत नसेल, तर तिच्या अहवालातला 'आढळले नाही' हा शेरा तुमच्या मुलांच्या काहीही उपयोगाचा नाही. असा अहवाल पुढे कुणी तुमच्याच विरोधात वापरला तर तो त्रास वेगळाच.

पायरी ३: नमुना घेणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक नमुने इथेच वाया जातात.

एका गावात आम्ही सकाळी सातला सार्वजनिक नळावर पोचलो होतो. बाटल्या प्रयोगशाळेच्या, हातमोजे नवे, बर्फ आणलेला. नळ सोडला, पाच मिनिटं वाहू दिला. बाटली पुढे करताना तोटीच्या आट्यांवर पांढरी चकचकीत पट्टी दिसली. प्लंबरने आदल्या दिवशीच तोटी बदलली होती आणि गळू नये म्हणून टेप गुंडाळली होती. ती टेफलॉनची टेप, म्हणजे ज्या कुटुंबातली रसायनं शोधायला आलो त्याच कुटुंबातली वस्तू. तो नमुना आम्ही घेतला नाही. तिथून दोनशे पावलांवरच्या उघड्या विहिरीवर गेलो, तिथे पंप नव्हता, रहाट आणि दोरी होती. आपण लिटरमध्ये एका ग्रॅमचा अब्जावा भाग शोधतोय, तेव्हा एवढी काळजी घ्यावीच लागते.

तर असं करा.

आदल्या दिवशी: बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा. त्या पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीईच्या असतात. काचेची बाटली नको, कारण ही रसायनं काचेला चिकटतात. झाकणाच्या आत टेफलॉनचं अस्तर नसावं. बाटलीत तळाशी पांढरी पूड असली तर ती धुऊन टाकू नका, नमुना टिकावा म्हणून ती घातलेली असते.

त्या सकाळी: जुने, पुष्कळदा धुतलेले सुती कपडे घाला. रेनकोट, पावसाळी जाकीट, पाणी न शिरणारे बूट नकोत. हाताला क्रीम, डासांचं मलम, सनस्क्रीन लावू नका. वडापावचा कागद, वेफरचं पाकीट विहिरीजवळ आणू नका. नाश्ता गाडीपाशी, लांब.

विहिरीवर: पावडर नसलेले नायट्रिलचे नवे हातमोजे घाला. स्टीलची कळशी आणि साधी सुती दोरी वापरा. कळशी त्याच विहिरीच्या पाण्याने तीन वेळा विसळा, ते पाणी लांब ओता, मग चौथ्या वेळेला नमुना घ्या. पृष्ठभागावरचा तवंग नको, कळशी थोडी आत जाऊ द्या. बोअरवेल असेल तर पंप दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि पाणी फिल्टरच्या आधी घ्या. तोटीची जाळी काढून ठेवा.

दोन जादा बाटल्या भरायच्या. एकीत त्याच विहिरीचा दुसरा नमुना. दुसरीत प्रयोगशाळेने दिलेलं शुद्ध पाणी, पण ते विहिरीपाशीच, उघड्यावर ओतून भरायचं. या दुसऱ्या बाटलीत पीफास निघालं, तर दोष विहिरीचा नसून तुमच्या हाताळणीचा आहे हे कळतं. ही बाटली म्हणजे फुकटचा खर्च असं बरेच जण म्हणतात. मी म्हणतो, पैसे कमी पडले तर एक विहीर कमी करा, ही बाटली कमी करू नका.

साध्या बॉलपेनने लिहा: जागा, तारीख, वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, नमुना घेणाऱ्याचं नाव, दोन साक्षीदारांच्या सह्या. मोबाइलवर फोटो काढा. बाटल्या साध्या पाण्याच्या बर्फात ठेवा, निळ्या जेलच्या पिशव्या टाळा. त्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. पोचपावतीवर बाटलीचा क्रमांक आणि सीलची स्थिती लिहून घ्या.

पायरी ४: अहवाल वाचताना एककं पाहा

मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, नॅनोग्रॅम. प्रत्येक पायरीला हजारपट फरक. लिटरला ४ नॅनोग्रॅम म्हणजे किती, तर १० हजार लिटरचे २५ हजार टँकर भरून त्यात मिळून एक ग्रॅम.

एवढ्याशाने काय होतं, असं वाटेल. पण पीएफओएसारखं संयुग शरीरातून अर्धं कमी व्हायलाच दोन ते चार वर्षं लागतात. रोज थोडं येतं, जातं मात्र फारच हळू, आणि रक्तात साठत राहतं.

भारतीय पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या प्रमाणात पीफासची मर्यादाच दिलेली नाही. त्यामुळे 'भारतीय प्रमाणात बसते' हे वाक्य इथे पोकळ आहे. तुलना बाहेरच्या आकड्यांशी करावी लागते. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोघांना प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. युरोपीय संघात २० संयुगांची बेरीज १०० नॅनोग्रॅमच्या आत हवी. डेन्मार्क चार संयुगांच्या बेरजेला २ नॅनोग्रॅमच देतो. माझा ठोकताळा असा: चारच्या आत असेल तर नोंद ठेवा आणि दरवर्षी पाहा; ४ ते १०० मध्ये असेल तर पिण्या-स्वयंपाकाचं पाणी गाळा आणि सहा महिन्यांत पुन्हा तपासा; शंभरच्या वर गेलं तर त्या दिवसापासून दुसरं पाणी आणा.

पायरी ५: पाणी गाळणं

उकळू नका. वाफ होऊन पाणी कमी होतं, रसायन भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेलं पाणी जास्तच वाईट. तुरटी, टीसीएल पावडर, तांब्याचा हंडा, मातीची कँडल, अतिनील दिवा यांचाही उपयोग नाही. जंतूंसाठी ती साधनं चांगली आहेत, पण हा प्रश्न वेगळा आहे.

घरासाठी खात्रीचा उपाय आरओ. अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठांनी २०२० मध्ये घराघरांतल्या फिल्टरांची मोजणी केली. आरओने तपासलेल्या पीफासपैकी ९४ टक्के किंवा त्याहून जास्त काढलं. नुसत्या कार्बन फिल्टरांची सरासरी ७३ टक्के होती आणि कुठे काहीच काढलं नाही इतका फरक पडत होता.

पण आपल्याकडच्या आरओत एक खोच आहे. पाणी 'गोड' लागावं म्हणून यंत्रात टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो. तो छोटा स्क्रू फिरवला की पडद्यातून न गेलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतं, आणि त्याबरोबर पीफासही. तंत्रज्ञाला बोलावून तो पूर्ण बंद करून घ्या. चव थोडी फिकी लागेल, चालेल. पडदा आणि कार्बनची नळकांडी वेळेवर बदला. बाहेर जाणाऱ्या पाण्यात रसायन दाट झालेलं असतं. ते संडासात ओता, पण अळूच्या वाफ्यात, तुळशीत, गोठ्यात नको.

गावाच्या योजनेसाठी दाणेदार सक्रिय कार्बनच्या दोन टाक्या एकामागोमाग बसवतात. मितेनीच्या परिसरातही पहिला आधार कार्बनचाच होता. दोन टाक्यांच्या मध्ये नमुन्याची तोटी हवीच. पहिली टाकी भरली की रसायन त्या मधल्या तोटीत दिसतं, दुसरी टाकी तोवर गाव सांभाळते. पीएफबीएससारखी आखूड साखळीची संयुगं कार्बनमधून आधी निसटतात, म्हणून तपासणीत त्यांच्याकडेच पाहा. वापरलेला कार्बन हा घातक कचरा आहे. तो बांधावर टाकायचा नाही. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. ठेकेदाराच्या करारातच हे लिहून घ्या, नाहीतर तो कार्बन कुठल्यातरी पऱ्यात पडतो.

पायरी ६: माती, भाजी, गोठा

माती स्वच्छ करणं एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही. खणून नेणं किंवा कार्बन मिसळून रसायन जखडून ठेवणं, दोन्ही फार खर्चिक. शेतकऱ्याच्या हातात आहे ते नवीन रसायन येऊ न देणं.

'फुकट खत' म्हणून येणारा गाळ नाकारा. जर्मनीत रास्टाट आणि बाडेन-बाडेनच्या परिसरात कागद गिरणीचा गाळ मिसळलेलं कंपोस्ट शेतांवर टाकलं गेलं आणि शेकडो हेक्टर जमिनीखालचं पाणी बिघडलं. अमेरिकेत मेन राज्याने २०२२ मध्ये सांडपाण्याचा गाळ शेतात टाकायला बंदीच घातली. ट्रॉली कुठून आली, कुठल्या गिरणीची, हे न सांगणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवा.

सिंचनाचं पाणी दूषित निघालं तर पालेभाज्या आधी थांबवा. आखूड साखळीची संयुगं पाण्याबरोबर वर चढून पानांत साठतात. फळं आणि दाणे यांत ती कमी जातात. माठ-पालकाच्या जागी आंबा-काजू, नाचणी परवडेल. गाई-म्हशींना गाळलेलं किंवा दुसऱ्या विहिरीचं पाणी द्या. पीएफओएस दुधात उतरतं, पण स्वच्छ चारा-पाणी सुरू केल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत ते कमी व्हायला लागतं. परसातल्या कोंबड्यांकडे विशेष पाहा. कोंबडी माती आणि किडे टिपते आणि ते अंड्यात येतं. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या झ्वाइनड्रेख्टमध्ये २०२१ साली लोकांना घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असं सांगावं लागलं. खाडीची मासळी खाणाऱ्यांनी आतडी आणि यकृत काढून टाकावं.

घरातला तवा बिडाचा किंवा लोखंडाचा वापरा, नॉनस्टिक खरवडलं असेल तर काढून टाका. दूषित पाण्याच्या गावात मात्र तवा बदलून समाधान मानू नये, तिथला मोठा वाटा पाण्यातून येतो.

पायरी ७: डॉक्टरांशी बोलणं

अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या परिसरात, जिथे एका कारखान्याच्या पीएफओएने पाणी दूषित झालं होतं, सुमारे ६९ हजार लोकांच्या रक्ताच्या तपासणीतून मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल या सहा गोष्टींशी पीएफओएचा संबंध मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला कर्करोगकारक ठरवलं. म्हणून पाण्याचा अहवाल डॉक्टरांना दाखवा आणि कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लघवीची तपासणी, गरोदर बाईचा रक्तदाब यांवर लक्ष ठेवायला सांगा. रक्तातून पीफास काढणारं घरगुती औषध नाही. कुणी काढा विकत असेल तर घेऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजणं बंद करू नये, आईचं पाणी बदलावं.

पायरी ८: कागद

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. 'प्रदूषणाची माहिती द्या' असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येतं. कागदाचं नाव लिहून मागा: कारखान्याचं संमतीपत्र आणि त्यातली उत्पादनांची यादी, फॉर्म ४ मधलं घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ५ मधलं पर्यावरण विवरण, आणि सामायिक प्रक्रिया केंद्रात येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याचे अहवाल. उत्पादनांच्या यादीत 'फ्लुरो' हे अक्षर कुठे येतं ते पाहा आणि त्याच संयुगांची तपासणी प्रयोगशाळेकडून मागा.

अहवाल आल्यावर ग्रामसभेत तो वाचून ठरावात आकड्यांसह लिहून घ्या. 'पाणी दूषित असल्याबाबत चर्चा झाली' एवढंच इतिवृत्तात आलं तर दुरुस्त करायला लावा. विहिरीचं नाव, तारीख, संयुग, नॅनोग्रॅम, हे सगळं हवं. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक शाळेत, एक गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाकडे. आणि वहीत पुढच्या मेमधली तारीख आजच टाका: तीच विहीर, तीच कळशी, सकाळी सात.